एका तारेवरचा उपहास

तुळजापूरची भवानी ज्यांची कुलस्वामिनी, अशा घरांत लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची चाल धाराशिव जिल्ह्यात आजही टिकून आहे. भूमही तिला अपवाद नाही. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ कडाडते आणि या सगळ्या कल्लोळामागे एक वाद्य अखंड एकच स्वर धरून असते. ते म्हणजे तुणतुणे. पोकळ नळकांडे, तळाला ताणून बसवलेले कातडे, कातड्यातून निघून बाजूच्या काठीवरील खुंटीला गुंडाळलेली एकच तार आणि ती छेडायला लाकडाचा लहानसा तुकडा. याहून गरीब तंतुवाद्य मिळणे कठीण. मराठी भाषेने तर त्याची थट्टाच केली आहे. जो माणूस तीच तक्रार पुनःपुन्हा सांगतो, तो ‘आपले तेच तुणतुणे वाजवतो’ असे आपण म्हणतो.

तेवढेच गरीब एक वाद्य युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. त्याचे नाव गुस्ले. लाकडी पोकळ तबकडी, तिच्यावर कातडे आणि घोड्याच्या केसांची एकच तार. ती छेडत नाहीत, गजाने वाजवतात. ते मांडीवर घेऊन मॉन्टेनेग्रोचा गुस्लार वीरांच्या लढायांचे पवाडे गातो. मॉन्टेनेग्रोचे तेथील भाषेतले नाव ‘त्सर्ना गोरा’, म्हणजे काळा डोंगर. बालाघाटाच्या काळ्या दगडात वाढलेल्या माणसाला हे नाव परके वाटू नये.

या दोन एकतारी वाद्यांच्या मागे दोन थोर वीरगाथा-परंपरा उभ्या आहेत, हे इतिहासाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असते. या धाग्यात मात्र त्यांची दुसरी बाजू पाहावयाची आहे. ज्या वाद्यावर राजाची स्तुती होते, त्याच वाद्यावर राजाची टर कशी उडवली जाते, आणि पुढे त्या टरीचे काय होते?

आरंभ काळ्या डोंगरापासून करणे सोयीचे ठरेल.

जानेवारी १९८९. युगोस्लाव्हिया नावाचा देश अजून अस्तित्वात होता आणि मॉन्टेनेग्रो हे त्यातील एक गणराज्य होते. त्याची राजधानी तितोग्राद, म्हणजे आजची पोडगोरिका. महागाई आणि बेकारीने त्रासलेले हजारो लोक तेथे रस्त्यावर उतरले आणि जुन्या साम्यवादी नेतृत्वाला राजीनामा द्यावा लागला. या लाटेमागे सर्बियाच्या स्लोबोदान मिलोशेविचच्या समर्थकांचा हात होता. या मोर्च्यांत गर्दीतून ‘होचेमो रूसे’ अशी आरोळी उठली. अर्थ, ‘आम्हांला रशियन हवेत’. सोव्हिएत संघापासून चाळीस वर्षे फटकून राहिलेल्या देशात ही आरोळी अडचणीची होती. मग सारवासारव झाली. लोक ‘रूसे’ म्हणतच नव्हते, ‘गुस्ले’ म्हणत होते. ‘होचेमो गुस्ले’, म्हणजे आम्हांला गुस्ले हवे!

महागाईने पोळलेली माणसे राजधानीत जमून एकतारी वाद्याची मागणी करीत होती, असा हा खुलासा. विनोदी लेखकाला कल्पना करूनही असे सुचले नसते.

कोटोर या समुद्रकाठच्या गावात १९६३ साली जन्मलेल्या अंतोनिये पुशिच नावाच्या गायकाने त्याच वर्षी आपला दुसरा अल्बम काढला आणि त्याला नाव दिले ‘होचेमो गुस्ले’. त्याचे रंगमंचावरचे नावही असेच जोडकाम होते. अमेरिकी चित्रपटातील दणकट सैनिक रॅम्बो आणि मोत्सार्टच्या नावातील आमाडेउस यांना एकत्र करून तो ‘रॅम्बो आमाडेउस’ झाला होता. आदल्या वर्षीच्या पहिल्या अल्बमपासून त्याची रीत ठरून गेली होती. गुस्लाराचा गंभीर, लांबवलेला सूर घ्यायचा, त्याखाली रॉक, फंक किंवा जॅझचा ठेका ठेवायचा आणि त्या भारदस्त सुरात अगदी क्षुल्लक किंवा अगदी लाजिरवाणी गोष्ट सांगायची. ऐकणारा आधी हसतो, मग आपण कशाला हसलो याचा विचार करू लागतो.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९८९ हे वर्ष गुस्लेसाठी साधे वर्ष नव्हते. २८ जून रोजी कोसोव्होच्या लढाईला ६०० वर्षे झाली, त्या निमित्ताने गाझीमेस्तान येथे प्रचंड मेळावा झाला आणि मिलोशेविचने तेथे भाषण केले. जुन्या वीरगाथा नव्या राजकारणाच्या कामी लागू लागल्या होत्या. अशा वेळी गुस्लेवर विनोद करणे म्हणजे येऊ घातलेल्या युद्धाच्या पार्श्वसंगीतावर विनोद करणे होते. १९९१ मध्ये युद्ध सुरू झालेच. १९९२ साली बेलग्रेडमधील, दूरचित्रवाणीवरून दाखवल्या जाणाऱ्या एका संगीत कार्यक्रमात पुशिच मध्येच मंचावर आला, इकडे गाणी चालू असताना तिकडे शहरांवर तोफगोळे पडत आहेत याची आठवण श्रोत्यांना करून दिली आणि ध्वनिक्षेपक टाकून निघून गेला. विनोदी गायकाने विनोद बाजूला ठेवला, असा तो क्षण होता.

आता याच्या शेजारी आपल्याकडील गोष्ट ठेवू.

मराठीतील उपहासाची परंपरा तुणतुण्याइतकीच जुनी आहे, आणि ती देवळातूनच निघते. एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचताना गोंधळी, वासुदेव, जोशी, भुत्या अशी रस्त्यावरची सोंगे उचलली आणि त्यांच्या तोंडून समाजाला चार गोष्टी सुनावल्या. पेशवाईच्या अखेरीस संगमनेरचे अनंत फंदी आणि सोलापूरचे राम जोशी यांच्यासारखे शाहीर दरबारची बिदागीही घेत आणि वेळप्रसंगी टोमणाही मारीत. फंदींनी दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारावर केलेली टीका प्रसिद्ध आहे. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा तसाच ठेवून आतला मजकूर बदलला. गवळणी आणि कृष्ण यांच्या जागी भट आणि सावकार येऊन बसले. त्यांच्या मागोमाग १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे आले.

तमाशाचा हा साचा मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग गवळण. मग बतावणी, आणि शेवटी वग. यांपैकी बतावणी हेच उपहासाचे खरे घर. तिला लिखित संहिता नसते. सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात आणि त्या गावचा पाटील, त्या आठवड्याचा बाजारभाव, नुकताच येऊन गेलेला मामलेदार हे सगळे बोलण्यात ओढून आणतात. आज रात्री भूममध्ये केलेली बतावणी उद्या परंड्यात तशीच होणार नाही. गाणे तेच राहील, टोमणा बदलेल. आणि सत्तेला अडचण नेहमी टोमण्याची असते, गाण्याची क्वचितच.

भूमचा उल्लेख केवळ उदाहरणादाखल नाही. १९४८ पूर्वी भूमहून बार्शीला जाणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाऊल ठेवत असे. भूम निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार रुपया. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. इकडच्या कचेरीची भाषा उर्दू, तिकडच्या कचेरीची इंग्रजी आणि मराठी. निजामी अमलात जाहीर सभा भरवायची तर आगाऊ परवानगी लागे. त्यासाठी काढलेला ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनावर वर्षानुवर्षे ओझ्यासारखा बसला होता. सभा बंद असली की माणसे कीर्तन, मेळा आणि वाचनालय यांच्या आडोशाने एकत्र येतात. हैदराबाद संस्थानात तसेच घडले.

नाक्याच्या पलीकडे, बार्शीत, २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म झाला. आई मुनेरबी हिला ओव्या आणि लोकगीतांचे भांडार पाठ होते. तेच मुलाचे पहिले शिक्षण. परिस्थितीमुळे शाळा अर्धवट राहिली. पुढे मोटारीवर क्लीनर आणि गिरणीत कामगार अशी कामे त्याने केली. गिरणी कामगारांच्या संपात तुरुंग पाहिला, तेथे साम्यवादी विचारांशी ओळख झाली, आणि नंतर कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत असताना त्याला नवे नाव मिळाले. तेच शाहीर अमर शेख. सरहद्दीच्या गावात वाढलेल्या, मुसलमान घरातल्या, मराठी ओव्यांवर पोसलेल्या या माणसाचा आवाज पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज ठरला. बार्शी आणि भूम यांतील अंतर पाहता तो आवाज या तालुक्याला शेजारघरचा म्हटला पाहिजे.

१९४४ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अण्णा भाऊ मूळचे वाटेगावचे, जन्म १ ऑगस्ट १९२०. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असे सांगतात. तमाशाची समज मात्र अस्सल, कारण तमाशाच्या फडात ते वावरलेले होते. तिघांनी मिळून जे केले, ते काळ्या डोंगरावरच्या पुशिचने पंचेचाळीस वर्षांनी केले त्याच जातीचे होते. साचा जुना ठेवायचा आणि आत दारूगोळा भरायचा.

अण्णा भाऊंनी गणातून गणपतीला रजा दिली आणि तेथे भूमीला, श्रमिकाला, हुतात्म्यांना वंदन आणले. गवळण गाळून टाकली. बतावणी आणि वग मात्र ठेवले, कारण हत्यार तेथेच होते. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘बेकायदेशीर’ या वगांच्या नावांवरूनच नेम कोणावर आहे ते कळते. सावकार, निवडणुकीला उभा राहिलेला शेठ, टोपी बदलून देशभक्त झालेला भामटा, दौऱ्यावर निघालेला मंत्री. ‘अकलेची गोष्ट’ १९४५ साली टिटवाळ्याच्या शेतकरी परिषदेत झाली. तेव्हा देश स्वतंत्र व्हावयाचा होता. पुढचे काही वग स्वातंत्र्यानंतरचे, आणि त्यांतला मंत्री आपला होता. येथेच खरा प्रश्न सुरू होतो.

याच काळातील ‘मुंबईची लावणी’ हे या तंत्राचे सर्वांत नेटके उदाहरण मानावे लागेल. मुंबईवर लावणी रचण्याची प्रथा जुनी होती. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या श्रीमंतीचे, झगमगाटाचे, नवलाईचे वर्णन करणारी लावणी गाजवली होती. अण्णा भाऊंनी तोच प्रकार, तीच वर्णनाची ऐट घेतली आणि नजर फिरवली. त्यांच्या लावणीत मलबार हिलचे वैभव आहे, पण त्याला लागूनच परळची चाळ आहे. ज्याला लावणीचा साचा परिचित आहे, त्याला पुढच्या ओळीत नवलाईची अपेक्षा असते आणि तेथे उपासमार येऊन उभी राहते. ही थट्टा बापूरावांची नाही. बापूरावांच्या लावणीवर माना डोलावणाऱ्या शहराची ती थट्टा आहे. रॅम्बो आमाडेउसने गुस्लेचा सूर उसना घेतला तो गुस्लाराला हिणवण्यासाठी नव्हे, तो सूर वापरणाऱ्या पुढाऱ्यासाठी. दोन्हीकडे फरक समजून घेणारा श्रोता लागतो. तो नसेल तर उपहास फुकट जातो.

सत्तेने काय केले? स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. कारण दिले गेले अश्लीलतेचे. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि अटींसह तमाशा पुन्हा उभा राहिला. या अटींतील खरी मेख होती संहिता आधी तपासून घेण्याची. अश्लील लावणी तपासता येते, ती कागदावर असते. बतावणी तपासायची कशी? ती तर सोंगाड्याच्या तोंडात, त्या क्षणी जन्मते. म्हणजे तपासणीची अट लावणीवर जेवढी बसली, त्याहून अधिक ती बतावणीवर बसली. अश्लीलतेच्या नावाने टाकलेल्या जाळ्यात राजकीय टोमणाही आपोआप सापडत होता. हा योगायोग होता की हेतू, यावर वाद होऊ शकतो. कलापथकाला मात्र त्याचा जाच झाला, यावर होऊ शकत नाही.

हत्यार नवे नव्हते. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० साली बंदी आली ती १८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली. कीचकाच्या रूपात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, म्हणून. साहेब गेला, कायदा राहिला.

अण्णा भाऊंचे उत्तर साधे होते. तमाशाला बंदी आहे ना, मग हा तमाशा नाहीच, हे ‘लोकनाट्य’ आहे. शब्द बदलला, तुणतुणे तेच राहिले. आज ‘लोकनाट्य’ हा शब्द आपण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गंभीरपणे वाचतो. त्याच्या जन्मामागे पोलिसी परवान्याला दिलेली हुलकावणी आहे, हे विसरले जाते.

इतिहासाचा एक गमतीदार खेळ येथेच नोंदवण्यासारखा आहे. पुशिचने १९८०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या संगीताला थट्टेने ‘टर्बो-फोक’ असे नाव दिले होते. लोकसंगीत आणि टर्बो-इंजिन यांची मोट, असा तो विनोद. १९९०च्या दशकात सर्बियात उथळ, चकचकीत, युद्धाने श्रीमंत झालेल्या लोकांना आवडणाऱ्या संगीताचा महापूर आला आणि त्या संगीताने हेच नाव घेतले, अगदी गंभीरपणे. ज्याची टर उडवायची, त्यानेच टरीचा शब्द पळवून पाटीवर लावला. आमच्याकडे पोलिसांना चकवण्यासाठी घेतलेला शब्द सरकारी अनुदानाच्या अर्जावर जाऊन बसला. दोन्ही शब्दांचे नशीब सारखेच म्हणायचे.

ध्वनिमुद्रणाचा मुद्दाही याच संदर्भात पाहावा लागतो. भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले मुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे बसत. रात्रभर चालणारा वग तीन मिनिटांत कसा मावणार? मावते ती लावणी, मावतो पवाड्याचा एखादा चौक. म्हणजे यंत्रानेही नेमके तेच गाळले जे सरकारच्या तपासनीसाला नको होते. गाणे घेतले, बतावणी सोडली. हा कट नव्हता. परिणाम मात्र तोच झाला.

गुस्लेच्या वाट्याला या बाबतीत वेगळे भाग्य आले. हार्वर्डचे मिल्मन पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरले. होमरची काव्ये तोंडी परंपरेतून आली असतील काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दोन यंत्रे जोडून घेतली होती. एक तबकडी भरली की दुसरी सुरू, त्यामुळे गाणे मध्येच तुटत नसे. मॉन्टेनेग्रोतील ब्येलो पोल्ये येथे १९३५ साली त्यांना अव्दो मेजेदोविच भेटला. व्यवसायाने खाटीक, निरक्षर, आणि मुसलमान. त्याने सांगितलेले एक काव्य बारा हजारांहून अधिक ओळींचे आहे. निरक्षर माणसाच्या मुखातून आलेले इतके मोठे काव्य आज ग्रंथालयात आहे. लाल बावटा कलापथकाच्या बतावणीसमोर असा कोणी पॅरी यंत्रे घेऊन बसला असता तर मराठी राजकीय विनोदाचा इतिहास आज अगदी निराळ्या रीतीने लिहिता आला असता.

१९५५च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबईसह महाराष्ट्राचा प्रश्न पेटला. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसे मरण पावली. याच चळवळीत अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आपल्या गावाकडच्या बायकोचे रूप लावणीच्या थाटात आठवतो, आणि तिच्यापासूनचा दुरावा हळूहळू बेळगाव, कारवार, निपाणी यांच्या दुराव्यात मिसळतो. श्रोता शृंगाराची लावणी ऐकायला बसतो आणि नकाशा ऐकून उठतो. अमर शेखांच्या खड्या आवाजाने सभांना लाखांची गर्दी खेचली. त्या गर्दीत मराठवाड्याचे लोकही होते, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी भूमसह मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. नाका उठला होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

आणि शाहीर ज्यांच्यावर टोमणे मारीत होते त्या जागी आता स्वतःची माणसे बसली.

हा प्रश्न उपहासकाराला सर्वांत जड जातो. केंद्र सरकारने १९५४ सालीच गीत व नाटक विभाग स्थापन केला होता. राज्याच्या प्रसिद्धी खात्यालाही शाहीर हवे होते. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, अल्पबचत, संकरित बियाणे यांचा प्रचार करायला कलापथकाइतके सोयीचे साधन नव्हते. गण, बतावणी, वग सगळे तसेच होते. फक्त बतावणीत आता मंत्र्याची टर नव्हती, चौथे मूल होऊ देणाऱ्या शेतकऱ्याची होती. टोमण्याचे तोंड वरून खाली वळले. या कार्यक्रमांनी शाहिरांची चूल पेटती ठेवली, हेही खरे. उपाशी शाहिराला तात्त्विक शुद्धतेचा उपदेश करणे सोपे असते.

सगळेच वळले असे मात्र नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ केले. निळू फुले आणि राम नगरकर यांनी ‘कथा अकलेच्या कांद्याची’ गावोगाव नेली. १९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले आणि त्यात दादा कोंडके हवालदार झाले. सबनिसांची संहिता मुळातच खुसखुशीत होती, पण प्रेक्षक पुनःपुन्हा येत ते दादा आज काय नवे बोलणार यासाठी. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी रात्री हवालदाराच्या तोंडी असे. तपासून घेतलेल्या संहितेच्या फटीतून बतावणी पुन्हा बाहेर आली होती.

त्याच सुमारास शाहीर साबळे यांनी मुक्तनाट्यांची वाट धरली होती. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’, ‘असुनी खास मालक घरचा’ ही त्यांची गाजलेली नावे. ‘आंधळं दळतंय’ १९६६चे. नाव अर्ध्या म्हणीवर थांबते, आणि उरलेली अर्धी, कुत्र्याने पीठ खाण्याची, प्रेक्षक मनात पुरी करतो. मुंबईत मराठी माणूस दळतो आणि पीठ भलतेच खातात, हा त्याचा आशय. शिवसेनेची स्थापनाही त्याच वर्षीची, १९ जूनची. मुक्तनाट्याने त्या भावनेला शब्द दिला, राजकारणाने तो उचलला, आणि पाहता पाहता रोख मालकाकडून शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाकडे आणि कोपऱ्यावरच्या उडुप्याकडे वळला. ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ करणाऱ्यांनी नेम वर धरला होता. येथे तो आडवा झाला. उपहास धारदार असणे आणि तो योग्य ठिकाणी लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे मराठीतील ठळक उदाहरण ठरावे. साबळे यांच्या कलेला यामुळे उणेपणा येत नाही. पण त्यांच्या आवाजातील राजा बढे यांचे ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले, ते गाणे शाळाशाळांतून लागते, आणि त्याच गळ्यातून निघालेली मुक्तनाट्यातील टवाळी नव्या पिढीच्या कानावर क्वचितच पडते. गौरवाला जागा मिळाली, टवाळीला नाही.

लाल बावट्याच्या शाहिरांनाही एक आंधळी जागा होती, ती लपवण्याचे कारण नाही. शेठ, सावकार, मंत्री यांपैकी कोणालाही न सोडणाऱ्या अण्णा भाऊंनी १९४३ साली स्तालिनग्राडवर पवाडा रचला होता. नाझी सैन्याला अडवणाऱ्या शहराचे कौतुक करणे रास्तच होते. १९६१ साली ते सोव्हिएत देशात जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. त्या पुस्तकातही कौतुकच आहे. मुंबईच्या मंत्र्याकडे पाहताना जी तिरकी नजर त्यांच्यापाशी होती, ती मॉस्कोत त्यांनी वापरली नाही. तितोग्रादच्या रस्त्यावर ‘आम्हांला रशियन हवेत’ असे ओरडणाऱ्या आणि मग ‘गुस्ले’ म्हणालो होतो असे सांगणाऱ्या माणसांची गोष्ट अण्णा भाऊंच्या हाती लागती, तर तिचा त्यांनी वग केला असता की नाही, हा प्रश्न म्हणूनच मनात रेंगाळतो.

पुशिचची गोष्ट पुढे बरीच लांबली. २००६ साली मॉन्टेनेग्रो स्वतंत्र झाला. २०१२ मध्ये त्या देशाने युरोव्हिजन या गीतस्पर्धेला आपला अधिकृत प्रतिनिधी म्हणून याच माणसाला बाकूला पाठवले. त्याने युरोपच्या कर्जबाजारीपणावर ‘युरो न्यूरो’ नावाचे गाणे म्हटले, चित्रफितीत गाढव आणले, आणि उपांत्य फेरीतच तो बाद झाला. सरकारी खर्चाने जाऊन सरकारी थाटाची टर उडवण्याची ही करामत शाहिरांच्या सोंगाड्याला मनापासून आवडली असती.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे गेली होती. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, अमर शेख मोटार अपघातात इंदापूरजवळ मरण पावले. दोघांचे पवाडे आणि गाणी छापलेली आहेत. अण्णा भाऊंचे वगही छापलेले आहेत आणि ते आज कोणालाही मिळतात. त्यांत बतावणी आहे, पण लेखकाने कागदावर उतरवली तेवढीच. कामगार मैदानावर किंवा एखाद्या तालुक्याच्या बाजारतळावर, पुढच्या रांगेत बसलेल्या फौजदाराकडे पाहून सोंगाड्याने जे वाक्य जागच्या जागी जोडले, ते त्या पानांवर कोठेच नाही.